मावसभाऊ

माझ्या बायकोला हे माहीत नाही. मी पायऱ्या चढताना नुसता चपलेचा आवाज ऐकून ती सांगते, आज दुकानात कोणाशी तरी वाजलेलं दिसतंय. पण याचा तिला कधी पत्ता लागला नाही. भावाला माहीत नाही, पोरांना नाही. तांड्यावरच्या देवळात हात जोडतो तेव्हा मी नेमकी दुसऱ्याच कशाची तरी माफी मागून मोकळा होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

गोष्ट फुटबॉलची आहे. हसू आलं तर हसा. मीही सुरुवातीला स्वतःला तेच सांगत होतो — अरे, खेळ आहे, एक सामना होता, कोणी मेलं का त्यात? कोणी मेलं नाही. तरीपण.

पांढरकवड्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक माझ्याकडे आणतात. मी आतली काळी पडलेली तार काढतो, नवी तांब्याची तार भरतो आणि मोटार परत पाठवतो. दुकानाला लागून मारोतीभाऊंची चहाची टपरी आहे, आणि त्या टपरीवर रोज सकाळी फुटबॉलचं कोर्ट भरतं. परदेशातले सामने मोबाइलवर दिसायला लागले तेव्हापासून हे वेड लागलं. रात्रभर जागायचं आणि सकाळी लाल डोळ्यांनी रेफरीचा उद्धार करायचा. फाऊल होता की नव्हता, हात बॉलला लागला की बॉल हाताला, कार्ड पिवळं द्यायचं की लाल — ज्यांनी आयुष्यात बॉलला पाय लावला नाही तेही असे भांडतात, जसा काही निकाल मारोतीभाऊंच्या टपरीवरच लागणार आहे.

या कोर्टाचा जज मी होतो. ‘नियमवाले राठोड’ म्हणायचे मला. वाद फार पेटला की कोणीतरी म्हणायचं, थांबा, राठोडले इचारा. मग मी दुकानातून हात पुसत बाहेर यायचो, चहाचा एक घोट घ्यायचो, ग्लास खाली ठेवायचो आणि सांगायचो. खरं सांगू? अर्ध्या गोष्टी मी ठोकून द्यायचो. पण ठामपणे ठोकून दिलेलं लोकांना चालतं, हे मला लवकर कळलं होतं.

एवढं काय होतं त्यात? तुम्हाला कसं समजावू. आम्ही तांड्यावरचे बंजारे. घरात गोरबोली, बाजारात मराठी, ट्रकवाल्यांशी हिंदी. टपरीवर रोज बसणाऱ्यांत मी एकटाच तांड्याचा होतो. मला कोणी कधी वावगं बोललं नाही, हे खरं आहे. पण मला हाक मारली जायची ती नियमांसाठी, आणि नियम नसते तर मारली गेली असती का, हे विचारायची माझी छाती नव्हती.

आता रामधन.

रामधन राठोड माझ्याच तांड्याचा, माझ्याच वर्गातला. आमचं गोतही एक, म्हणजे आमच्या रीतीने आम्ही भाऊच. लहानपणापासून तो मला ‘भिया’ म्हणतो. भिया म्हणजे गोरबोलीत भाऊ. तसा तो सगळ्यांनाच भिया म्हणायचा — कंडक्टरला, दवाखान्यातल्या कंपाउंडरला, एकदा तर फौजदारालाही म्हणाला होता. तुम्ही भाऊ म्हणता, दादा म्हणता, तसंच.

गरीब स्वभावाचा वगैरे तो अजिबात नव्हता. चांगला ऐटबाज होता. केसांचा कोंबडा काढायचा. तालुक्यात कुठेही सामने असले की हा रेफरी. तांड्यावरच्या शिंप्याकडून काळा शर्ट शिवून घेतला होता, त्याला कार्डं ठेवायला दोन खिसे, आणि गळ्यात शिट्टी — सामना नसला तरी. नियम मात्र त्याला खरोखर येत होते. माझ्यासारखे ठोकून दिलेले नाहीत.

एका सकाळी टपरीवर आदल्या रात्रीच्या सामन्यावरून जुंपली होती. बॅकने घसरत येऊन बॉल काढला आणि त्याच झपाट्यात समोरच्याला आडवा केला. पेनल्टी दिली. बरोबर की चूक? मी निकाल दिला — चूक. आधी बॉलला पाय लागला, म्हणजे फाऊल नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे लहान पोरही हेच सांगेल — बॉलले लागला होता ना पहिले, मग कायचा फाऊल?

रामधन त्या दिवशी तिथेच उभा होता. तो हसला. म्हणाला, “भिया, असं कुठंच नाही लिहून. बॉलले लागला म्हनून मानूस पाडाची सूट भेटत नाही.” मी म्हटलं, तू मले शिकवू नको. तो म्हणाला, बरं. टपरीच्या मागे मारोतीभाऊंच्या पोराचा बॉल पडला होता. तो त्याने आणला, माझ्या पायाशी ठेवला, चार पावलं मागे गेला — आणि आला घसरत. बॉल उडाला रस्त्यापलीकडे आणि मी उडालो बाकड्याखाली. अंगावर चहा, गुडघ्याला खरचटलेलं, तोंडात धूळ. रामधन उभा राहून म्हणतो, “पहिले बॉलले लागला ना? मंग सांग, फाऊल नाही ना?”

काय हसले लोक. मारोतीभाऊंच्या हातातली चहाची किटली डचमळली. मीही हसलो. उठलो, कपडे झटकले, रामधनच्या पाठीत धपाटा घातला. पुढे महिनाभर मी दुकानाबाहेर आलो की कोणीतरी विचारायचं, काय राठोड, फाऊल का नाही? आणि दर वेळी मी हसायचो.

हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. सांगायचं म्हणून सांगतोय. माणूस एवढ्यावरून करतो का? मी केलं.

त्या वर्षी हिवाळ्यात ढालीचे सामने झाले. दरवर्षी होतात, शाळेच्या मैदानावर. गावोगावचे संघ येतात, तांड्यांवरचे येतात, पोडावरची, म्हणजे त्यांच्या पाड्यावरची, कोलाम पोरं अनवाणी खेळायला येतात. कमिटीचे अध्यक्ष गुरुजी होते — रिटायर शिक्षक, त्यांनी मला आणि रामधनला सातवीत शिकवलं होतं. गुरुजींचा एक नियम होता, आधी कधीतरी भांडणं झाली होती तेव्हापासूनचा. नाणं उडवण्याआधी दोन्ही कप्तानांच्या देखत ते रेफरीला विचारायचे, “दोन्हीकडं तुमचं कोणी नातलग?” रेफरीने सांगायचं, कोणी नाही. मगच शिट्टी. नातलग असेल तर त्याने सरळ बाजूला व्हायचं, त्यात कमीपणा नाही. पण असून नाही म्हटलं तर मात्र पुन्हा कधी मैदानात पाय ठेवायचा नाही.

फायनलला एका बाजूला बसस्टँडचा संघ, म्हणजे आमच्या टपरीचाच म्हणा ना. दुसऱ्या बाजूला लांबच्या एका तांड्याचा. आमचा तांडा नव्हे, तिथे आमची सोयरीकही नाही. रेफरी रामधन. गुरुजींनी विचारलं. रामधन म्हणाला, “कोनीच नाही, गुरुजी.” ते खरं होतं. ते शंभर टक्के खरं होतं, आणि मैदानात ते माझ्याइतकं नक्की दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

गुरुजी त्या वेळी रामधनला नागपूरला रेफरीच्या परीक्षेला बसवायच्या खटपटीत होते, हेही मला माहीत होतं. त्यांनी तिकडे शब्द टाकला होता. रामधनने मला सांगितलं होतं, दुकानात बसून, हळू आवाजात, जसं काही तार ऐकेल. परीक्षा झाली की जिल्ह्याचे सामने, मग विदर्भाचे. तो म्हणाला होता, भिया, मंग तू टपरीवर बसून मले शिव्या दे. मी म्हटलं होतं, देईन.

बरोबरी होती, सामना संपत आला होता. तांड्याचा एक पोरगा, सुनील पवार, बॉल घेऊन पेनल्टीच्या चौकटीत शिरला. काटक होता, एकोणीस-वीस वर्षांचा असेल. बसस्टँडचा बॅक घसरत आला. बॉलला पाय लागला — मी गोलच्या मागेच उभा होतो, स्पष्ट दिसलं, आधी बॉलला लागला. आणि मग तो तसाच, बुटाचा तळ पुढे काढून, पोराच्या गुडघ्यावर. आवाज आला. कापसाच्या सुक्या पळाटीवर पाय पडल्यावर येतो तसा.

रामधनने शिट्टी मारली आणि ठिपक्याकडे हात केला. पेनल्टी.

तो निर्णय बरोबर होता का? होता. बाकड्याखाली पडून मी तो नियम शिकलो होतो. माझ्याइतका तो त्या दिवशी कोणाला कळला असेल?

अख्खं मैदान ओरडायला लागलं — बॉलले लागला होता, बॉलले लागला होता. रामधनने लक्षही दिलं नाही. तो त्या पोराजवळ गेला, वाकला, त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, “ऊठ, भिया.” एवढंच. पुढच्या रांगेतल्या लोकांना ते ऐकू आलं.

काय म्हने तो? काय म्हनला त्याले? हे मागे मागे सरकत गेलं, आणि बघता बघता माणसं आत शिरली. रामधनभोवती गराडा पडला. कोणीतरी त्याच्या गळ्यातली शिट्टी ओढली, गोफ तुटायच्या आधी मानेत रुतला. मी तिकडे पळालो — मधे पडायलाच पळालो होतो, हे तुम्ही मानलं नाही तरी चालेल. मधेच कोणीतरी मला मांडवाकडे ओढलं. मांडवात गुरुजी माइकजवळ उभे होते. टपरीवरचे सगळे ओळखीचे चेहरे तिथे. कोणीतरी म्हणालं, “हा त्याच्याच तांड्यातला हाय, याले इचारा. याले त्यायची भाषा येते.”

गुरुजींनी मला विचारलं, “भिया म्हणजे काय रे?”

मी सांगितलं, भाऊ.

इथपर्यंत कबूल करायला मला काही वाटत नाही. बरीच वर्षं मी स्वतःला गोष्ट इथेच थांबवून सांगत होतो. भिया म्हणजे भाऊच ना? मग मी काय खोटं बोललो? शब्दाचा अर्थ विचारला, अर्थ सांगितला. लोकांनी त्याचा काय अर्थ काढला त्याला मी काय करू? अशी ही गोष्ट मी इतक्या वेळा घोटली की मला ती जवळजवळ खरी वाटायला लागली होती.

पण ती तिथे थांबली नाही. गुरुजी हुशार माणूस. ते म्हणाले, “भाऊ त मीबी साऱ्यायले म्हनतो. त्यानं काय होते?” आणि दुसरं कोणीतरी, माणूस भला असला पाहिजे, म्हणाला, “आडनाव त वेगळं हाय ना. हा राठोड, तो पवार. भाऊ कसा होईन?” बरोबर बोलला. आमच्यात तर राठोड आणि पवार भाऊ असूच शकत नाहीत, त्यांच्यात लग्नं होतात. हे मला माहीत होतं. मला फक्त मान हलवायची होती. हो, वेगळे आहेत. तिथे विषय संपत होता. संपलाच होता. लोकांचे आवाज खाली आले होते, गुरुजींनी माइक हातात घेतला होता, पेनल्टी होणार होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. राठोडले इचारा. टपरीवर बघायचे तसेच. मी ग्लास खाली ठेवायचो तेवढा वेळ गेला असेल.

आणि मी म्हणालो, “मावस.”

कोणी मला हे विचारलं नव्हतं. मावस की चुलत, असा प्रश्न कोणाच्या तोंडी नव्हता. तो शब्द मी आणला. आडनावं वेगळी आणि तरी भाऊ, हे ज्या एका शब्दात बसतं तो शब्द मी शोधला आणि ठेवला त्यांच्यापुढे. इतका बेमालूम बसला की कोणी पुढे काही विचारलंच नाही. त्याच्याच तांड्यातला माणूस सांगून राह्यला, म्हणजे झालं. गुरुजींनी माझ्याकडे एकदा बघितलं. “नक्की?” मी म्हटलं, हो.

माझ्या मनात त्या क्षणी काय होतं, हे मी पुष्कळ शोधलं. राग होता का? राग तर कधीच विरला होता. मला वाटतं — वाटतं कशाला, मला ठाऊक आहे — मला बरं वाटलं होतं. ते सगळे माझ्याकडे वळले होते, बसस्टँडचे, टपरीवरचे, आणि मी त्यांच्या बाजूचा होतो. आपल्या माणसाच्याही विरुद्ध खरं बोलणारा. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खोटं बोललो आणि वर प्रामाणिक ठरलो.

लाउडस्पीकरवरून सांगितलं गेलं की रेफरीचं नातं उघड झाल्यामुळे पेनल्टी रद्द करण्यात येत आहे. रामधनला ते तिथे, मैदानाच्या मधोमध, भोंग्यातूनच कळलं. तो मांडवाकडे आला. शर्टाचा एक खिसा लोंबत होता. म्हणाला, “गुरुजी, माझा कोनी नाही तो. मले त त्याचं नावबी माहीत नाही.” गुरुजी म्हणाले, “मले तरी खरं सांगाचं होतं, रामधन.” आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होतो. रामधनने माझ्याकडे पाहिलं — साक्षीला. कोणी तरी आपलं आहे इथे, असं पाहिलं. मी खाली बघितलं. त्याला वाटलं, मीही घाबरलोय.

दुसऱ्या कोणीतरी शिट्टी घेतली. बसस्टँडने नंतर गोल केला. टपरीवर ढालीबरोबर फोटो काढले, त्यात मी आहे. मधे उभा आहे.

संध्याकाळी मीच त्याला मोटरसायकलवर बसवून तांड्यावर नेलं. रस्त्यात तो मागून म्हणाला, “भिया, कोनं सांगतलं असन?” मी गाडी चालवत होतो, त्याला माझं तोंड दिसत नव्हतं. सांगता आलं असतं. फार तर त्याने मला मारलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे जाऊन सगळं निस्तरता आलं असतं. किती सोपं होतं, आता विचार केला की जीव तुटतो. मी काय म्हणालो? मी म्हणालो, तो पोरगाच सामन्याआधी फुशारकी मारत होता म्हणे, रेफरी आपला मावसभाऊ आहे म्हणून.

दुसरी वेळ. आणि या वेळी तर कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं.

घरी उतरल्यावर रामधनने माझा हात हातात घेतला. म्हणाला, तू होता म्हनून घरी तरी आलो.

त्यानंतर त्याने शिट्टी धरली नाही. नागपूरचं गुरुजींनी सोडून दिलं. पोरं त्याला बघून तोंडाने शिट्टी वाजवायची आणि ‘मावसभाऊ, मावसभाऊ’ म्हणायची. त्याचं नावच पडलं ते. आता तो जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलतो, हंगाम संपला की मिळेल ते काम. केसांचा कोंबडा नाही. बाजारात यायचं तर शाळेच्या मैदानाचा रस्ता सोडून लांबून येतो. त्याची बायको एकदा माझ्या बायकोला म्हणाली, “घरात बोलतच नाहीत ते. आलं का भिंतीकडं तोंड करून निजतात.” बायकोने मला हे जेवताना सांगितलं. मी भात वाढून घेतला.

आणि सुनील. त्याचा गुडघा गेला. फाऊल नव्हताच असं ठरलं, त्यामुळे त्याला कोणी विचारायलाही गेलं नाही. तो लंगडतो. ट्रॅक्टर चालवतो, क्लच दाबताना त्याचं तोंड वाकडं होतं. दर होळीला तो रामधनच्या घरी यायचा, पाया पडायला — त्या एका माणसाने आपल्यासाठी शिट्टी मारली होती, एवढंच त्याला माहीत. रामधन घरात जायचा आणि दार लोटून घ्यायचा. एकदा ते माझ्यादेखत झालं. अंगणात लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, चालली होती, डफ वाजत होता. सुनील हातात गुलाल घेऊन उभा. म्हणाला, “भिया.” रामधन म्हणाला, “मी कोनाचा भिया नाही.” पोराने तो गुलाल खाली टाकला नाही, खिशात भरला आणि लंगडत गेला.

तोच पुढे एकदा मोटार घेऊन दुकानात आला तेव्हा मला म्हणाला, “काका, रामधनभिया माह्याशी काहून नाही बोलत? मी काय केलं?” मी म्हटलं, तो आता कोणाशीच बोलत नाही. मोटार नीट करून दिली. ती अजून चालते, असं तो सांगतो.

टपरीवर वाद चालूच आहेत. आता परदेशात रेफरी पडद्यावर पुन्हा बघून निर्णय फिरवतात, त्यावरून भांडणं. पुन्हा बघावं का नाही? चुकलेलं फिरवता येत असेल तर फिरवावं का नाही? मला विचारतात. आणि फाऊलचं विचारलं तर मी आता बरोबर सांगतो — बॉलला लागला म्हणून माणूस पाडायची सूट मिळत नाही. लोक माना हलवतात. हे मी कोणाकडून शिकलो ते सांगत नाही.

मी इतकी वर्षं एक सोय करून ठेवली होती. म्हणायचो, एक दिवस गुरुजींकडे जाईन. रामधनला सांगायची हिंमत नाही, पण गुरुजींना सांगेन, मग ते बघतील काय करायचं. त्यांच्या घरावरून जाताना मोटरसायकलचा वेग कमी व्हायचा. दोनदा मी आतही गेलो. एकदा त्यांचा पंखा दुरुस्त करून आलो, एकदा चहा पिऊन.

या पावसाळ्यात गुरुजी गेले.

अंत्ययात्रेला रामधन आला नाही असं मला वाटलं. नंतर दिसला — स्मशानाच्या फाटकाबाहेर, बाभळीखाली उभा. मी त्याच्याजवळ गेलो. आत चल म्हटलं. तो नाही म्हणाला. बराच वेळ धूर बघत राहिला. मग म्हणाला, “भिया, मले साऱ्या गावानं खोटा म्हनलं त चाललं. पन गुरुजी मरेपर्यंत मले खोटा समजले.” आणि रडला. त्या दिवशी मैदानात तो रडला नव्हता. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि मी — मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. या हाताने. आता ज्याला सांगून काही फिरवता आलं असतं तो माणूस आत जळत होता. आता मी कोणाला सांगू? सांगून काय होईल? तेव्हापासून मला झोप नाही. तारेचा पीळ चुकतो, भरलेली तार पुन्हा उसवावी लागते. जेवताना घास तोंडातच फिरत राहतो. हे कमी होईल असं मला वाटत नाही, आणि व्हावं असंही नाही.

एक गोष्ट राहिली. ती सांगतो आणि थांबतो.

त्या सामन्यानंतर रामधनने तो शब्द सोडला. कंडक्टरला भाऊ म्हणतो, जिनिंगमध्ये साहेब म्हणतो, तांड्यावरच्या पोरांना नावाने हाक मारतो. भिया कोणालाच म्हणत नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही. मला मात्र म्हणतो. अख्ख्या पांढरकवड्यात फक्त मला.

काल सकाळी मी दुकानात तार भरत होतो. तो बाजाराला आला होता. पायरीवर थांबला, चपला काढल्या आणि बाहेरूनच हाक मारली, “भिया.”

मी ओ दिली.